डॉमिनिका (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे!) – आठ दिवस, दोघं, फेब्रुवारी. कुणी गेलंय का?

ठाणेकर_निवृत्त

जुलै २०२३ ची रोसोची (डॉमिनिकाची राजधानी) भारत-वेस्ट इंडिज कसोटी टीव्हीवर पाहिली तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्या मुंबईच्या यशस्वीने पदार्पणातच १७१ काढले, अश्विनने १२ बळी घेतले आणि मॅच तीन दिवसांत आटोपली. पण मी निम्मा वेळ मैदानामागचा तो हिरवा डोंगरच बघत होतो. आता जायचं ठरवलंय. एजंटने मात्र पुंता कानाच्या हॉटेलचं कोटेशन पाठवलं! व्हिसा, प्रवास, पैसे याबद्दल कुणी सांगेल का? आणि ते उकळतं तळं साठीच्या माणसाला झेपेल का? डावा गुडघा कुरकुरतो.

दर्यावर्दी_मालवण

पहिलं काम म्हणजे एजंट बदला. पुंता काना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, तिथे स्पॅनिश बोलतात. तुमचं डॉमिनिका ग्वाडेलूप आणि मार्टिनिक यांच्या मधलं बेट, भाषा इंग्रजी, गावात क्रेओल. उच्चार 'डॉमिनीका', 'नी'वर जोर. तिकिटावर विमानतळाचा कोड डीओएम आहे ना, ते स्वतः तपासा.

मी अकरा वर्षं क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात होतो. रोसोच्या धक्क्याला बोट लागायची, पण आम्हाला उतरायला मिळायचे जेमतेम तीन तास. २०१९ ला करार संपल्यावर पदरचे पैसे घालून नऊ दिवस राहिलो. सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळाने शेंडे मोडलेली झाडं तेव्हाही दिसत होती, पण त्यांच्याखाली सगळं पुन्हा हिरवंगार.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही. अडचण वाटेत आहे. मायामीहून थेट विमान आहे, पण नुसतं बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. तो नसेल तर लंडनमार्गे बार्बाडोस किंवा अँटिगा आणि तिथून छोटं विमान. लंडनचे ट्रान्झिटचे नियम तेवढे आधी बघा. ग्वाडेलूपहून फेरी येते, पण ते बेट फ्रान्सचं, आणि युरोपच्या साध्या शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येईल असं धरून चालू नका.

आता भूगोल. बेट सुमारे ७५० चौरस किलोमीटर, लांबी ४७. नकाशावर बघून वाटतं, दोन तासांत फिरून होईल. अजिबात नाही! विमानतळ ईशान्येला, रोसो नैऋत्येला, मध्ये घाट. टॅक्सीला सव्वा ते दीड तास, आणि वळणं आपल्या आंबोलीसारखी. उलटीची गोळी घेऊन बसा. मॉर्न डायब्लोटिन्स १४४७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बुटका, पण समुद्रातून सरळ उभा राहतो. म्हणून पाऊस भरपूर. ३६५ नद्या आहेत असं तिथले लोक सांगतात, मी मोजल्या नाहीत. फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडा.

उकळतं तळं: लोदा गावाजवळून जाऊन-येऊन सहा-सात तास. चढ, चिखल, गंधकाची दरी, मग वाफेने भरलेला साठेक मीटर रुंद खड्डा. वारा आला की वाफ बाजूला होते आणि खाली करडं पाणी अधणासारखं खदखदताना दिसतं. मी अर्धा तास नुसता बसून होतो. वाटाड्या घ्याच. तुमच्या गुडघ्याला मात्र नको. चढताना नाही, उतरताना रडवेल. त्याऐवजी ट्रॅफल्गर धबधबा, वॉटन वेव्हनची गरम कुंडं आणि पोर्ट्समथला इंडियन रिव्हरमध्ये वल्ह्याची होडी करा. त्या नदीत मोटर चालवायला बंदी आहे, म्हणून शांतता खरीखुरी. पांढऱ्या वाळूची आस असेल तर दुसरं बेट शोधा, इथली वाळू बहुतेक काळी.

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, १ अमेरिकन डॉलरला २.७० हा ठरलेला दर. अमेरिकन नोट चालते, सुट्टे त्यांचेच मिळतात. लहान नोटा ठेवा.

आणि खाणं! कॅलालू म्हणून सूप देतात. चमचा तोंडात घातला आणि हसायलाच आलं. आमच्या आईचं अळूचं फतफतं, फक्त चिंचगूळ नाही आणि नारळाचं दूध जास्त. ते अळूला 'डॅशीन' म्हणतात. नीरफणसही ढीगभर, भाजून खातात.

टोरांटोची_वहिनी

आम्ही ती कसोटी विंडसर पार्कात बसून पाहिली! मैदान रोसोतच आहे, आम्ही हॉटेलवरून चालत गेलो. एक भर घालते: मिनीबस स्वस्त, पण संध्याकाळनंतर कमी आणि रविवारी जवळपास नाहीतच. आम्ही रविवारी कालिनागो, म्हणजे बेटावरच्या मूळ लोकांच्या वस्तीकडे निघालो आणि पाऊण तास रस्त्याकडेला उभे राहिलो. शेवटी टॅक्सी. गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथला तात्पुरता परवाना लागतो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून.

ठाणेकर_निवृत्त

दोघांचेही आभार. अमेरिकेचा व्हिसा मुलाकडे गेलो तेव्हाचा आहे, अजून चार वर्षं चालेल, म्हणजे मायामीच. तळं रद्द, होडी नक्की. हिला सगळं वाचून दाखवलं. बाकी पसंत आहे, पण म्हणते, "एवढे पैसे घालून तिथे जाऊन अळूच खायचं?"

दर्यावर्दी_मालवण

वहिनींना सांगा, खाजरं नाही.