मदत हवी आहे : 'स्टारलाइट स्टेज'मध्ये मास्टरला फ्लिक चुकतात

२०११च्या 'सिंड्रेला गर्ल्स' या कार्डगेममधून निघालेला २०१५चा 'स्टारलाइट स्टेज' हा मोबाइलवरचा तालाचा गेम (गाण्याच्या तालावर येणाऱ्या खुणा, म्हणजे नोटा, वेळेवर टॅप करायच्या) खेळणारं कुणी आहे का इथे? प्रो या पातळीपर्यंत फुल कॉम्बो (साखळी न तुटता पूर्ण गाणं) येतो; त्याहून अवघड मास्टरला मात्र लागोपाठच्या फ्लिकमध्ये (बोट बाजूला ओढायच्या नोटा) तिसरा-चौथा नाइस पडतो नि कॉम्बो तुटतो. टायमिंगला परफेक्टखालचा ग्रेट चालतो, त्याखालचा नाइस नाही, हीच गोची. ब्लूटूथ इअरफोन काढून वायरचा लावला, टायमिंग नव्याने जुळवलं, मागचं दृश्य थ्रीडीऐवजी टूडी ठेवलं. साधे टॅप आता परफेक्ट बसतात, म्हणजे आवाज उशिरा येतोय असंही नसावं. जोडलेले फ्लिक बोट न उचलता ओढायचे, की आळीपाळीने दोन्ही अंगठ्यांनी? नोटांचा वेग किती ठेवता? आणि टीममध्ये लाइफ भरणाऱ्या आयडलऐवजी (गेममधली गायिका) परफेक्ट सपोर्टवाली (हुकलेलं टायमिंग परफेक्ट धरणारी) घेतली, तर तिचं स्किल नेमकं त्या फ्लिकच्या वेळी लागेल हे कसं बघायचं?