फ्रान्समध्ये सायकल: गाडीरस्त्याला चाक लावूच नका (मतभेदांचे स्वागत)

नदीकाठ (ल्यों)
उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांचे निरोप सुरू होतात. "फ्रान्सला येतोय, कुठला घाट मारू?" टूर द फ्रान्स बघून डोक्यात आल्प द्युएझ बसलेला असतो. घाट मारा की, कोण नको म्हणतंय! पण हाताशी आठवडा असेल आणि देश बघायचा असेल, तर नदीखोऱ्यातल्या आणि जंगलातल्या मुरमाड वाटा धरा. मोटारीला तिथे मुळात मज्जावच आहे. २००४ पासून इथल्या वाहतूक नियमांत 'व्वा व्हेर्त' (हिरवी वाट) नावाचा रस्त्याचा वेगळा प्रकारच आहे: चालणारे, सायकलवाले, चाकाची खुर्ची वापरणारे आणि जागोजागी घोडेस्वार. इंजिनवाल्यांना प्रवेश नाही.

उदाहरण देतो. आर्देश जिल्ह्यात एरियू नदीच्या खोऱ्यातून मीटरगेज रेल्वे जायची. १९६८ साली ती बंद पडली आणि त्याच पट्ट्यावर आता 'दोल्चे व्हिया' नावाची ९० किलोमीटरची सायकलवाट आहे. ऱ्होनकाठच्या ला वूल्तहून निघायचं. आगगाडीला झेपायचा एवढाच चढ, त्यामुळे भरल्या पिशव्या लावूनही माणूस बोलत बोलत वर जातो. दगडी पूल, बोगदे, भिंतीवर अजून नाव असलेली छोटी स्टेशनं, खाली डोहात पोहणारी पोरं, वर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि चेस्टनटची झाडं. आणि मागून हॉर्न नाही. हे सोडून डांबरावर जायचं कशाला?

घाटवेडा (नाशिक)
धागा आवडला, मत अजिबात नाही.

एक तर हा 'गाड्या नाहीत तिथेच सुख' हिशोब फ्रान्सला लागू करायची गरज नाही. त्या देशात साधारण ११ लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यातले सुमारे ७ लाख नुसते गावपातळीचे. मिशलँ कंपनीच्या रस्ता-नकाशावर पांढऱ्या बारीक रेषेने दाखवतात ते. त्यावर अर्ध्या तासात एखादी गाडी आली तर आली. असं जाळं फुकट हाताशी असताना एकाच वाटेच्या कडेकडेने काय जायचं?

दुसरं, आगगाडीची वाट आगगाडीच्या सोयीने आखलेली असते. गाव डोंगरमाथ्यावर, चर्च तिथे, बाजार तिथे, आणि तुम्ही खाली झाडीतून सुंसुं करत निघून जाता. कालव्याकाठी तर दिवसभर एकच चित्र. डावीकडे पाणी, उजवीकडे झाड, समोर सरळ रेघ. पोळपाटावर देश लाटून सपाट केल्यासारखं वाटतं.

ज्या माणसाने फ्रान्सला सायकलने हिंडायला शिकवलं तो पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसियो (१८५३–१९३०) सेंत-एतियेनच्या डोंगरांत चढ चढत होता, बदलत्या गिअरसाठी भांडत होता. आडव्या कालव्याला गिअर लागतो कशाला?

नदीकाठ (ल्यों)
घाटवेडाजी, व्हेलोसियो चढत होता ते रस्ते खडीचेच होते. डांबर नंतर आलं, मोटारीही नंतर. तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे, तुमच्या नाही 🙂

तुलूझकर
कालव्याचा विषय निघालाच आहे तर जरा खरं सांगतो, कारण लोक 'कानाल द्यु मिदी' हे नाव ऐकून थेट तिकीट काढतात.

कालवा अप्रतिम आहे, वाद नाही. १६६६ ते १६८१ मध्ये पिएर-पॉल रिके याने खोदवून घेतला, २४० किलोमीटर, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. पण वाट एकसारखी नाही. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंत पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर, रविवारी सगळं तुलूझ तिथे. पुढे जिल्हा बदलतो आणि डांबर संपतं. काही ठिकाणी छान दाबलेली खडी, पण कारकासोनच्या पुढे बऱ्याच पट्ट्यांत एका टायरच्या रुंदीची पायवाट उरते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत, आणि मधे आडवी आलेली झाडांची मुळं, मनगटाएवढी जाड. पिशव्या लादलेली सायकल त्यावर दणादण आपटते. सायकल हातात धरून चालणारे दिसतात, तेव्हा समजायचं हे जाहिरातीतला फोटो बघून आलेत.

आणि ज्या सावलीसाठी लोक येतात ती निम्मी गेली. काठावर चिनाराच्या जातीची सुमारे ४२ हजार झाडं होती. २००६ मध्ये बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून तो फ्रान्समध्ये आला असं मानतात. उपाय एकच, तोडा आणि जाळा. निम्म्याहून जास्त झाडं गेली. नवी वेगवेगळ्या जातींची लावली आहेत, पण जुलैच्या दुपारी काठीएवढ्या रोपाची सावली कुणाला पुरणार?

मी धागाकर्त्याच्या बाजूचाच आहे. फक्त 'गाड्या नाहीत' आणि 'वाट चांगली आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोरांची_आई (रेन)
घाटवेडा, तुमच्या त्या पांढऱ्या रस्त्यावर अर्ध्या तासाने येणारी एक गाडी ताशी ८० ने येते. जुलै २०१८ मध्ये मर्यादा ९० वरून ८० केली, तर काही जिल्ह्यांनी पुन्हा ९० करून घेतली. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, आणि बरेच चालक पाळतातही. पण पुढे नऊ वर्षांचं पोर झोकांड्या खात चाललं असेल तर 'बरेच' या शब्दाने धीर येत नाही हो. ऑगस्टमध्ये तार्न नदीच्या घळीतल्या रस्त्यावर जाऊन बघा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा आणि मधे घराएवढ्या कॅम्पर गाड्या.

आम्ही मायेन नदीकाठची जुनी हालाजची वाट धरतो, घोडे जिथून होड्या ओढत न्यायचे ती. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, बारीक दाबलेली खडी. दर थोड्या अंतराने लॉक, म्हणजे होड्यांना पाण्याची पातळी बदलून वर-खाली नेणारा दारांचा हौद, त्याशेजारी बंधारा आणि लॉक सांभाळणाऱ्याचं टुमदार घर. होडी आत शिरली, दारं मिटली, पाणी उतरलं, होडी खाली गेली. पोरं हे तासभर बघतात. तुम्हाला सपाट वाटतं ते मला पोरांना मोकळं सोडता येणं वाटतं. तुमच्यासाठी सायकलिंग म्हणजे चढ, ठीक आहे, पण सगळ्यांच्या मांड्या नाशिकच्या नसतात.

घाटवेडा (नाशिक)
मांड्यांचं कौतुक पोचलं. पोरांसोबत जाणाऱ्यांना माझा विरोध नाहीच. धाग्याचं शीर्षक 'चाक लावूच नका' असं आहे, विरोध त्याला आहे.

रानवाट
धागालेखकाने खोरं आणि जंगल एका दावणीला बांधलंय, ते पटलं नाही. जंगल हा वेगळा मामला आहे.

राँबुये, काँपिएन्य, ओर्लेआँ, ही राजांची शिकारीची जंगलं. ओर्लेआँचं सरकारी जंगल साधारण ३५ हजार हेक्टर आहे. आत सरळसोट वाटा आणि आठ-आठ वाटा एकत्र येतात असे चौफुले, मधे पांढरा खांब. शिकारीच्या मागे घोडा कुठल्याही दिशेला वळवता यावा म्हणून केलेली आखणी. सायकलवाल्याची मात्र फजिती, कारण सगळे चौफुले सारखे दिसतात. फोनची बॅटरी संपली तर खांबावरचं नाव वाचायचं आणि कागदी नकाशा काढायचा. गाडी येत नाही हे खरं, तोंडाशी फाटक असतं. पण लाकूड वाहणारे अवजड ट्रक आत असतात, आणि पावसाळी दिवसांत त्यांच्या चाकोरीत तुमचं चाक अर्धं बुडतं. ओकच्या ओंडक्यांच्या राशी, त्यावर रंगाने लिहिलेले आकडे. ओक म्हटलं की त्राँसेचं नाव आधी येतं. तिथलं जंगल १६७० मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने आरमारासाठी राखायला लावलं, आज तिथल्या ओकची वाइनची पिंपं होतात.

आणि मुख्य मुद्दा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम. वाटेवर 'शास आं कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली की हाकारा चालू आहे. मुकाट्याने मागे फिरायचं. २०१८ मध्ये आल्प्समधल्या जंगलात एका सायकलस्वाराचा गोळी लागून जीव गेला. म्हणून नारिंगी जाकीट घाला, रविवारी जंगल टाळा. मोटार नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी समजू नये.

बाराशेवाला (पुणे)
पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला गेलेले आपल्याकडचे बरेच जण हा धागा वाचत असतील, म्हणून लिहितो. १२०० किलोमीटर, ९० तास, सगळं उघड्या गाडीरस्त्यावर. आणि त्या रस्त्यानेच मला फ्रान्स दाखवला. रात्री दोनला ब्रितान्यातल्या खेड्यात दारासमोर टेबल मांडून कॉफी आणि क्रेप घेऊन बसलेलं कुटुंब. आजोबा, सून, नातू, सगळे जागे. पैसे विचारले तर हसतात. गावातून रस्ता जातो म्हणून गाव भेटतं. तुमच्या नदीकाठी बगळा भेटेल फार तर. घाटवेडांना +१.

नदीकाठ (ल्यों)
बाराशेवाले, ते टेबल दर चार वर्षांनी मांडलं जातं, तुमच्यासारख्या हजारोंसाठी. एरवी त्याच खेड्यात मंगळवारी दुपारी जा. बेकरी बारा-एकला बंद, सोमवारी तर बहुधा दिवसभर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाणी हवं असेल तर स्मशानभूमीत जायचं, तिथे फुलांसाठी नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघून बाटली भरायची. इथले सायकलवाले सर्रास भरतात.

आणि त्या फेरीत तुम्ही कारे गावाहून गेलात ना? त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नान्त-ब्रेस्त कालवा आहे. पुढे ग्लोमेलला टेकडी फोडून काढलेली खोल चर लागते. १८२३ ते १८३२ या काळात शिक्षा झालेल्या सैनिकांकडून, पळपुट्यांकडून, ती खोदून घेतली. आज दोन्ही बाजूंना झाडी आणि खाली काळंशार पाणी. नंतर गेर्लेदाँचं धरण झालं आणि कालवा मधेच तुटला, होड्यांना आरपार जाता येत नाही. काठाची वाट धरून सायकलवाला मात्र जातो. त्यात तुम्हाला देश दिसला नाही तर मी काय करणार!

घाटवेडांनी म्हटलेला एक मुद्दा मात्र मला छळतो. वाट गावाला टाळते. दोल्चे व्हियावर ठीक आहे, रेल्वे गावासाठीच होती, स्टेशन गावातच. पण काही ठिकाणी वाट आणि गाव यांच्यात एक खडा चढ असतो आणि लोक तो चढ टाळून पुढे जातात. तो चढा. बाजाराचा दिवस विचारून घ्या.

चिखलगुलाल
अवांतर: हे सगळे मुरूम-मुरूम करतायत, त्यांनी पाऊस पडल्यावर चालवून बघावं. त्या दाबलेल्या खडीचा पांढरा लगदा होतो, साखळीला चिकटून वाळला की सिमेंट. ब्रेकचे पॅड खातो तो वेगळाच. माझं मत, डांबर करा. चाकाच्या खुर्चीला सोपं, रोज कामाला जाणाऱ्यांना सोपं.

रानवाट
डांबर केलंत की रेसवाले येतात, ताशी ३५ ने. मग पोरांच्या आईला पुन्हा नवा धागा काढावा लागेल.

पोरांची_आई (रेन)
आत्ताच येतात. आणि त्या नागमोडी लोखंडी फाटकांत, गाड्या शिरू नयेत म्हणून लावतात ना, त्यात आमची ट्रेलर अडकलेली असते तेव्हा मागून घंटी वाजवतात.

बाराशेवाला (पुणे)
रेसवाल्यांना मुरूमही नवा नाही बरं का. ब्रितान्यात १९८४ पासून 'त्रो ब्रो लेओन' ही स्पर्धा शेतवाटांवरून होते, आणि पहिल्या येणाऱ्या ब्रितान्याच्या स्पर्धकाला डुकराचं पिल्लू मिळतं. पॅरिस-तूरमध्येही २०१८ पासून द्राक्षमळ्यांतल्या वाटा आल्यात.

नवखा_ठाणे
सगळं वाचलं. ऑगस्टमध्ये येतोय, सायकल सोबत आणतोय, टायर ३२ मिमीचे आहेत. चालतील का?

तुलूझकर
दोल्चे व्हियाला चालतील, मायेनलाही. कालव्याला कारकासोनच्या पुढे ४० च्या खाली येऊ नका. हवा कमी ठेवा आणि दोन जादा ट्यूब आणा. खेड्यात सायकलचं दुकान मिळेलच असं नाही, मिळालं तर दुपारी बंद असतं.

घाटवेडा (नाशिक)
३२? मग मुरूम कशाला, सरळ रस्त्यावर या. पांढऱ्या रेषांचा नकाशा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नदीकाठ (ल्यों)
नवखा, त्यांचा व्यनि उघडू नका 😀 ४० चे टायर ल्योंला मिळतात.