शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून देणगी कशी उभी करावी?

रावपुरेकर: वडोदऱ्यातल्या आमच्या विनाअनुदानित शाळेच्या ट्रस्टला प्रयोगशाळेसाठी निधी हवाय. ८०जी नोंदणी आहे, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळते. माजी विद्यार्थी पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरलेत. सुरुवात कुठून करू?

मांडवीवाला: आधी यादी करा: नाव, दहावीचं वर्ष, पत्ता, पॅन. ओळख क्रमांक नसला की फॉर्म १०बीडी, म्हणजे ट्रस्टने प्राप्तिकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण, अडतो. २०२५-२६ च्या देणग्यांसाठी त्याची मुदत ३१ मे २०२६, नंतर रोज २०० रुपये विलंब शुल्क. त्यातूनच देणगीदाराला द्यायचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही, आणि मग देणगीदार तुमच्यावर चिडतो. २००० च्या वर रोख दिली तरी वजावट नाही. नव्या करप्रणालीतल्यांना ८०जीचा उपयोगच नाही, म्हणून पत्रात करसवलतीपेक्षा प्रयोगशाळेचं अंदाजपत्रक पुढे ठेवा.

फत्तेगंज_ऑडिट: अमेरिकेतल्यांचं नागरिकत्व विचारा, राहण्याचं ठिकाण नव्हे. भारतीय पासपोर्ट असेल तर चालतं. ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेली भारतीय वंशाची व्यक्ती) असेल तर ती परदेशी देणगी. मग एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. इथेच बहुतेक ट्रस्ट फसतात.

रावपुरेकर: प्रवेशाच्या वेळी पालकांकडून घेतलं तर?

मांडवीवाला: अजिबात नको. प्रवेशाच्या बदल्यात घेतलेले पैसे देणगी ठरत नाहीत. मागायचंच तर प्रत्येक तुकडीतला एकजण धरा. शाळेच्या पत्रापेक्षा वर्गमित्राच्या फोनला लोक लवकर हो म्हणतात.