लॉच्या पहिल्या वर्षापासून एआय शिकवावं का?

कोर्टनाका
माझं मत स्पष्ट आहे, पाच वर्षांच्या लॉला पहिल्या वर्षापासूनच शिकवा. पोरं मूटचं (सरावाच्या खटल्याचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, चॅटजीपीटीवरून काढतातच, कॉलेज मात्र बंदीची नोटीस लावून मोकळं. 2023 ला न्यूयॉर्कमध्ये माटा विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दिले, 5,000 डॉलर दंड बसला. आणि हे तिकडचंच नाही हो, 2025 मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर (कर ठरवणारा आदेश) रद्द केली, त्यात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. मग शिकवणार कधी, सनद मिळाल्यावर?

जुनी सनद
हे लोक एआय शिकले नव्हते म्हणून फसले का? निकाल उघडून वाचला नाही म्हणून फसले. पहिल्या वर्षाच्या पोराला रेशो (निकालाचं बंधनकारक तत्त्व) कुठला नि ऑबिटर (जाता जाता केलेली टिप्पणी) कुठला कळत नाही, हेडनोटवर म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर भागवतो, त्याच्या हातात हे दिलं की संपलंच. आधी दोन वर्षं अख्खे निकाल वाचून घ्या.

तिसरंवर्षचालू
सर दोन वर्षं कोण थांबणारे, फोन खिशातच असतो. आमच्याकडे एका सरांनी फक्त एवढंच दिलं, 'कलम 482 खाली अर्जाचा मसुदा एआयकडून करून आणा'. आता जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर क्वॅश म्हणजे रद्द करायला जातात ते, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली त्यात 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, क्वॅशिंग गेलं 528 ला. कित्येकांच्या ड्राफ्टमध्ये कलम नव्या कायद्याचं आणि मागणी जुन्याची, आणि इंग्रजी असं झोकात की शंकाच येऊ नये. तो तास कुणी विसरणार नाही.

जुनी सनद
चूक सापडली कुणाला? ज्याने दोन्ही कायदे उघडले त्याला. म्हणजे शिकवला कायदाच की.

तिसरंवर्षचालू
उघडले कशामुळे पण 😄

तालुकाकोर्ट
तुम्ही दोघं चुकीच्या निकालांवरच अडकलात. मला भीती वेगळीच आहे. कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकला (मोफत कायदा सल्ला केंद्राला) एखादी बाई नवऱ्याविरुद्धचे कागद घेऊन येते, पोरगं ते सगळे नाव-पत्त्यासकट चॅटमध्ये टाकतं आणि म्हणतं सारांश दे. पक्षकाराचं गुपित बाहेर गेलं, आणि त्याच्या गावीही नाही! केरळ हायकोर्टाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, निकाल ठरवायला एआय वापरायचा नाही आणि चॅटजीपीटीसारख्या क्लाउडवरच्या सेवा टाळा, गुप्ततेमुळेच. न्यायाधीशांना सांगावं लागतं तर अठरा वर्षांच्या पोरांना नको?

जुनी सनद
हे मान्य. गुप्ततेचा तास पहिल्याच महिन्यात घ्या, माझी हरकत नाही. मसुदा मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःचा स्वतःच.

कोर्टनाका
आणि तो स्वतःचाच आहे हे ओळखणार कसं? समोर बसवून तोंडी विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तेवढे प्राध्यापक आहेत कुठे, निम्मी कॉलेजं तासिका तत्त्वावर चाललीत.