फ्रीमाँट परिसरात मॉडेल रॉकेट उडवण्यासाठी जागा आणि परवानगी कशी मिळवावी?

प्रश्न: मिशनपीक_रहिवासी

नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट येथे राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला एस्टेस कंपनीचा मॉडेल रॉकेटचा संच भेट मिळाला असून पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि प्लॅस्टिकचे टोक जोडून तिने तो स्वतः पूर्ण केला आहे. ए८-३, बी६-४ आणि सी६-५ अशा तिन्ही प्रकारच्या मोटरी, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी घन इंधनाची नळकांडी, दुकानातून आणून ठेवल्या आहेत. अडचण आहे ती उडवायच्या जागेची. घराजवळच्या उद्यानात फटाक्यांना मनाई असल्याची पाटी आहे आणि तीत रॉकेटचा वेगळा उल्लेख नाही. मुलीच्या शाळेचे मैदान मोठे आहे, पण तेथे कोणाला विचारावे हे कळत नाही. शिवाय ओकलंड, सॅन होजे आणि हेवर्ड येथील विमानतळांच्या मध्येच आमचे गाव असल्यामुळे विमान वाहतूक खात्याची, म्हणजे एफएएची, परवानगी लागेल का, ही धास्ती आहेच.

दुसरा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. डिसेंबरात आम्ही कराडजवळ सासरी जाणार आहोत. तेथे मोकळी जागा भरपूर आहे आणि आजी-आजोबांसमोर रॉकेट उडवावे अशी मुलीची फार इच्छा आहे. हे रॉकेट तेथे नेता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: सनीवेलचा_काका

ताई, सुरुवात एफएएपासून करतो, कारण त्या बाबतीत तुम्हाला सर्वांत कमी काम आहे. एफएएच्या नियमांच्या १०१ व्या भागात हौशी रॉकेटांचे तीन वर्ग केलेले आहेत. इंधन १२५ ग्रॅमपेक्षा जास्त नसलेले आणि सावकाश जळणारे, सांगाडा कागद, लाकूड किंवा सहज मोडणाऱ्या प्लॅस्टिकचा, धातूचे मोठे भाग नाहीत आणि इंधनासह एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत, एवढ्या अटी पाळणारे रॉकेट पहिल्या वर्गात येते. तुमच्या सी६ मोटरीत इंधन जेमतेम दहा-बारा ग्रॅम असते, तेव्हा तुम्ही मर्यादेच्या आसपासही नाही. पहिल्या वर्गाला एफएएची आगाऊ परवानगी लागत नाही आणि विमानतळापासून पाच सागरी मैलांच्या अंतराची अटही दुसऱ्या व तिसऱ्या वर्गासाठी आहे. माणसांना, मालमत्तेला किंवा विमानांना धोका होता कामा नये, हा नियम मात्र सर्वांनाच लागू आहे. डोक्यावरून हेलिकॉप्टर जात असेल, तर ते दिसेनासे होईपर्यंत थांबायचे. उद्या मुलगी मोठ्या, म्हणजे हाय-पॉवर रॉकेटांकडे वळली, की निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागेल. आज त्याची काळजी नको.

खरा प्रश्न जमिनीवरचा आहे आणि तेथे बहुतेक पालक उलट्या बाजूने सुरुवात करतात. दुकानातली सर्वांत दणकट मोटर आधी घेतली जाते आणि मग तिला पुरेल असे मैदान शोधत गावभर फिरणे सुरू होते. त्याऐवजी जे मैदान परवानगीने मिळू शकते, त्यात मावेल असे उड्डाण ठरवावे. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे एनएआर, या संस्थेच्या सुरक्षा संहितेत प्रत्येक मोटरीसाठी मैदानाचे किमान माप दिलेले आहे. ए मोटरीला १०० फूट, बीला २०० फूट, सीला ४०० फूट आणि डीला ५०० फूट. मोटरीवरचे अक्षर एका पायरीने पुढे गेले, की तिच्या एकूण आवेगाची, म्हणजे जळून संपेपर्यंत ती रॉकेटला देते त्या एकंदर रेट्याची, कमाल मर्यादा दुप्पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे मापे अशी का वाढतात ते समजते.

आता शाळेचे मैदान पाहू. चारशे मीटरच्या धावपट्टीचे मैदान बाहेरून सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद असते. चारशे फूट म्हणजे १२२ मीटर. याचा अर्थ सी मोटर तेथे बसत नाही, पण बी मोटर व्यवस्थित बसते. केवळ फुटबॉलचा पट्टा मोकळा असेल, तर त्याची रुंदी ४९ मीटरच भरते आणि मग ए८-३ वरच समाधान मानावे लागते. तक्त्यातली मापे किमान आहेत, हेही विसरू नये. सी६-५ मोटरीवर हलके रॉकेट अडीचशे मीटरपर्यंत सहज चढू शकते. पॅराशूट उघडल्यावर ते सेकंदाला साडेचार मीटर वेगाने खाली येते असे धरले आणि वाराही ताशी दहा मैलांचा, म्हणजे साधारण तितकाच असला, तर ते जेवढे उंच गेले तेवढेच दूर जाऊन पडेल. अडीचशे मीटरवर कोणाचे तरी छप्पर नाही तर फ्रीवे असतो. संहितेनुसार ताशी २० मैलांपर्यंतच्या वाऱ्यात उड्डाण चालते, परंतु वस्तीतल्या मैदानावर दहाच्या पुढे मी तरी रॉकेट पेटवणार नाही. खाडीवरून दुपारनंतर येणारा वारा तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा सकाळची वेळ मागून घ्या. पॅराशूटच्या मध्यभागी भोक पाडले किंवा त्याऐवजी लांब पट्टी लावली, तर रॉकेट जलद उतरते आणि कमी वाहून जाते. मात्र ही युक्ती हलक्या रॉकेटासाठीच ठीक आहे.

प्रतिसाद २: ट्रेसीची_वाटसरू

काकांनी मैदानाचे गणित नीट मांडले आहे. मी परवानगीबद्दल लिहिते, कारण कॅलिफोर्नियात तिचा कल मुख्यतः आगीच्या धोक्याकडे आहे. येथे विकल्या जाणाऱ्या मोटरींना राज्याच्या फायर मार्शलची मान्यता असावी लागते आणि उड्डाणासाठी त्या ठिकाणच्या अग्निशमन दलाची संमती घ्यावी लागते. शहराच्या हद्दीत असाल, तर शहराच्या अग्निशमन विभागातील आग-प्रतिबंधक शाखेला फोन करावा. हद्दीबाहेर काउंटीचे दल किंवा कॅल फायर हे राज्याचे अग्निशमन दल यांच्यापैकी ज्यांच्याकडे तो भाग असेल, त्यांना विचारावे. उद्यानाच्या पाटीवर रॉकेट हा शब्द नाही म्हणून ते चालेल, असा अर्थ काढू नका. बऱ्याच ठिकाणी फटाके, रॉकेट आणि रिमोटवरची विमाने यांना उद्यानाच्या एकाच नियमाने मनाई केलेली असते आणि तो नियम पाटीवर पूर्ण लिहिलेला नसतो.

अग्निशमन दलाकडे जाण्याआधी जमीनमालकाचा होकार लेखी घ्यावा, कारण तेथे पहिला प्रश्न तोच विचारतात. शाळेच्या बाबतीत मालक म्हणजे वर्गशिक्षिका नव्हेत आणि पुष्कळदा मुख्याध्यापकही नव्हेत, तर स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे भागातील सरकारी शाळांचा कारभार पाहणारी संस्था. मैदान वापरण्याचा त्यांचा छापील अर्ज असतो आणि त्यासोबत ते विम्याचे प्रमाणपत्र मागतात. बहुतेक पालकांची गाडी येथेच अडते. त्यावरचा उपाय म्हणजे एकट्याने न जाता शाळेच्या विज्ञान मंडळामार्फत किंवा एनएआरच्या स्थानिक शाखेमार्फत अर्ज करणे. एनएआरच्या सभासदांना सुरक्षा संहिता पाळून केलेल्या उड्डाणांसाठी दायित्व विमा मिळतो आणि शाखेला जमीनमालकाचे नाव त्या विम्यात घालून घेता येते. नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, याचे उत्तर कागदावर दिसले की मालकाचा सूर बदलतो.

मुख्याध्यापकांना भेटताना रॉकेट हातात घेऊन जा, मोटरी मात्र घरीच ठेवा. आमच्या मुलाच्या शाळेतील बाईंचा चेहरा आधी गंभीर होता. पुठ्ठ्याची नळी तळहातावर तोलून पाहिल्यावर त्या हसल्या. त्यांना कंट्रोलर, म्हणजे रॉकेट लांबून पेटवण्याची बटणाची पेटी, हीही दाखवा. त्याची सुरक्षेची किल्ली काढून घेतली, की बटण दाबूनही काही पेटत नाही आणि ती किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात राहते. डी किंवा त्याहून लहान मोटर असेल, तर सर्वांनी निदान १५ फूट दूर उभे राहायचे. मुलांची रांग मी त्याच्याही मागे लावते. पाच आकडे मोठ्याने उलटे मोजायचे आणि बटण दाबूनही पेटले नाही, तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबल्याखेरीज जवळ जायचे नाही. मोटरीच्या ज्वाला जमिनीपर्यंत पोहोचू न देणारा पत्रा, बादलीभर पाणी आणि आजूबाजूला हिरवे किंवा उघडे मैदान या गोष्टी अर्जातच लिहाव्यात. मे महिन्यानंतर येथल्या टेकड्यांवरचे गवत पिवळे पडते आणि रेड फ्लॅगचा, म्हणजे वणव्याच्या मोठ्या धोक्याचा, इशारा असलेल्या दिवशी तर परवानगी हातात असली तरी उड्डाण रद्दच करावे.

आणि सी मोटर उडवायचीच असेल, तर तिच्यासाठी स्वतः मैदान शोधत बसू नका. लिव्हरमोर युनिट, म्हणजे लुनार, ही एनएआरची शाखा आपल्याच भागातील आहे. ही मंडळी स्टॉकटनच्या पूर्वेला फार्मिंग्टनजवळच्या कुरणावर उड्डाणे भरवत आली आहेत. जमीनमालक, अग्निशमन दल आणि एफएए या तिघांशी व्यवहार अशा वेळी शाखाच करते. तुम्ही रॉकेट घेऊन जायचे, तपासणीच्या टेबलावर दाखवायचे आणि आपल्या पाळीची वाट पाहायची. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख पाहून घ्यावी. गाईंनी चरलेल्या कुरणात चालायचे असल्यामुळे जुने बूट घाला.

प्रतिसाद ३: कराडकर_मास्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आमच्या शाळेत हा विषय दरवर्षी निघतो. मोटरी इकडे आणण्याचा विचार सोडून द्यावा. अमेरिकेत विमानतळावर प्रवाशांची तपासणी करणाऱ्या टीएसएने मॉडेल रॉकेटच्या मोटरींना हातातील आणि चेक-इन अशा दोन्ही सामानांत मनाई केलेली आहे. रिकामे रॉकेट आणायला हरकत नाही.

समजा मोटर येथेच मिळाली, तरी आपल्याकडे तिकडच्यासारखी लहान रॉकेटांना मोकळीक देणारी चौकट नाही. रॉकेटचे घन इंधन म्हटले की १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम यांचा प्रश्न येतो. परवान्यांचे काम पेसो ही केंद्रीय संस्था पाहते आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. एका कुटुंबाने सुट्टीतल्या एका उड्डाणासाठी त्या वाटेला जाणे व्यवहार्य नाही. घरी इंधन तयार करणे किंवा दिवाळीचे बाण सोलून त्यातली दारू वापरणे तर पूर्ण वर्ज्य समजावे. त्यात बोटेही जातात आणि १९०८ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमाखाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. येथे इंधनाची मॉडेल रॉकेटे उडतात ती संस्थांच्या छत्राखाली. इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळविषयक संस्थेच्या पुढाकाराने २०२५ साली उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची स्पर्धा झाली, ती अशीच.

मुलीला आजी-आजोबांसमोर काहीतरी आकाशात सोडायचे आहे ना? मग पाण्याचे रॉकेट करा. फसफसणाऱ्या पेयाची दोन लिटरची बाटली, तिला घट्ट बसणारे रबरी बूच, पंक्चरच्या दुकानातून घेतलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दाब दाखवणारा सायकलचा पंप एवढे साहित्य पुरते. बाटली एक तृतीयांश पाण्याने भरावी आणि दाब ६० पीएसआयच्या पुढे नेऊ नये. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली वापरू नये, ती दाबासाठी केलेली नसते. उन्हात पडून राहिलेली किंवा ओरखडे असलेली बाटलीही नको. दाब भरल्यावर बाटलीवर वाकून पाहायचे नाही, दोरी बांधून लांबूनच सोडायची. इंधन नसल्यामुळे स्फोटकांच्या परवान्याचा प्रश्नच येत नाही.

जागेचे मात्र इथेही पाहावे लागते. डिसेंबरात आमच्याकडे उसाची तोड चालू असते आणि उभ्या उसात पडलेले रॉकेट पुन्हा सापडत नाही. रब्बीची पेरणी झालेल्या रानात पोरांची झुंबड शेतकऱ्याला चालणार नाही, ते योग्यही नाही. शेतपंपांच्या विजेच्या तारा नसलेला माळ किंवा जिल्हा परिषद शाळेचे मैदान पाहा. खासगी माळ असेल, तर मालकाला. गायरान असेल, तर ग्रामपंचायतीला. शाळा असेल, तर मुख्याध्यापकांना आधी विचारावे आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालावे. तारेत काही अडकलेच, तर काठीने काढू नये, वीज कंपनीच्या वायरमनला बोलवावे.

मिशनपीक_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. सी६-५ मोटरी लुनारच्या उड्डाणासाठी बाजूला ठेवते आणि स्कूल डिस्ट्रिक्टकडे ए व बी मोटरींपुरताच, सकाळच्या वेळेचा अर्ज करते. मास्तर, आपल्या शाळेतील मुलांना चालणार असेल, तर पाण्याचे रॉकेट त्यांच्यासोबतच उडवायला आवडेल. त्यासाठी कोणाला पत्र लिहावे?

कराडकर_मास्तर

अवश्य या. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहा. त्यात दिवस, वेळ, सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची नावे आणि रॉकेटात इंधन नसून फक्त पाणी व हवा असल्याचा स्पष्ट उल्लेख असू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी ते ठेवतो. नाताळच्या आठवड्यात शाळेचे वेळापत्रक बदलते, म्हणून पत्र नोव्हेंबरातच पाठवा. पंप आमच्याकडे आहे, दाबमापक तेवढा तुम्ही घेऊन या.