रिंग नाही म्हणून रुग्णालय? प्लेऑफ आणि दानाची सरमिसळ

सातवा_सामना

बॉक्सस्कोअरवाला यांची कालची पोस्ट भराभर पुढे पाठवली गेली, म्हणून जरा लांब उत्तर देतोय. त्यांचं म्हणणं असं: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये ज्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, काही जमत नाही, तो सुट्टीत फाउंडेशन काढतो आणि पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात धरून फोटो काढून घेतो. दाखला ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनचा. मे २०१७, स्पर्सविरुद्ध सहावी मॅच, ११ पैकी २ बास्केट, १० पॉइंट, घरच्या कोर्टवर ११४-७५ असा धुव्वा, आणि तोही समोर स्पर्सचा मुख्य खेळाडू कवाय लेनर्ड नसताना. मग ऑगस्टमध्ये ह्यूस्टनसाठी १० लाख डॉलर. म्हणजे डाग धुतला.

ऑगस्टमध्ये ह्यूस्टनचं काय झालं होतं, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. २५ ऑगस्टला हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं आणि नंतर कित्येक दिवस शहरावर पाऊस कोसळत राहिला. ती तारीख हार्डनने ठरवली नव्हती.

पोस्टच्या शेवटी तर दिकेंबे मुतोंबोचं नाव घेतलंय: "रिंग नाही, म्हणून रुग्णालय." रिंग म्हणजे विजेतेपदाची अंगठी. हे वाचून खरंच संताप आला. १९९४ साली आठव्या क्रमांकाच्या डेनव्हरने पहिल्या क्रमांकाच्या सिएटलला ०-२ वरून ३-२ असं हरवलं. आठव्याने पहिल्याला हरवणं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्या पाच मॅचमध्ये डेनव्हरच्या मुतोंबोचे ३१ ब्लॉक आहेत. पाचवी मॅच संपल्यावर तो पाठीवर आडवा पडून दोन्ही हातांनी बॉल डोक्यावर धरून हसतोय, ते दृश्य ज्याने पाहिलंय तो त्याला प्लेऑफमधला अपयशी म्हणणार नाही. आणि काँगोची राजधानी किन्शासा इथलं ३०० खाटांचं बियाम्बा मारी मुतोंबो रुग्णालय आईच्या नावाने आहे. शहरातल्या अशांततेत ती माउली रुग्णालयापर्यंत पोचू शकली नाही आणि गेली. २.९ कोटी डॉलरच्या त्या कामात दीड कोटी त्याचे स्वतःचे. याचा रिंगशी संबंध जोडणं चूक आहे, एवढंच नाही, ते अन्यायाचं आहे.

बॉक्सस्कोअरवाला

मुतोंबोचं नाव मी घ्यायला नको होतं. काढलं. बाकीच्या पोस्टवर ठाम आहे.

लेब्रॉन जेम्सचंच बघा. ८ जुलै २०१०, 'द डिसिजन'. क्लीव्हलँड सोडून मायामीला जातोय हे सांगायला टीव्हीवर तासाभराचा कार्यक्रम, आणि जाहिरातीचे पैसे बॉईज अँड गर्ल्स क्लबला. मुलांना पुढे बसवून स्वतःचा निर्णय गोड करून घेतला. पुढच्या वर्षी डॅलसविरुद्ध फायनलमध्ये सरासरी १७.८, चौथ्या मॅचमध्ये फक्त ८ पॉइंट. तिथे कुठली संस्था मदतीला येणार?

दुसरं स्टेफ करीचं. २०१२-१३ च्या हंगामात प्रत्येक थ्रीमागे, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या बास्केटमागे, मलेरिया रोखायला तीन मच्छरदाण्यांचं दान. त्या वर्षी त्याने २७२ थ्री मारले, तो तेव्हाचा विक्रम. २७२ गुणिले ३ म्हणजे ८१६ मच्छरदाण्या. त्या मोहिमेत एका मच्छरदाणीला १० डॉलर धरायचे. झाले ८,१६० डॉलर. पगार जवळपास ४० लाख. बातमी जगभर. हिशेब तुम्हीच करा.

खरं दान करायचं असेल तर प्लेऑफचा पगार द्या.

पहाटे_सहा

प्लेऑफचा पगार नावाची गोष्टच नसते. करारातली रक्कम नियमित हंगामाची. प्लेऑफसाठी लीगचा वेगळा निधी असतो, संघ जितका पुढे जाईल तितका वाटा मोठा, आणि तो संघातल्या सगळ्यांत वाटला जातो. बड्या खेळाडूसाठी ती रक्कम पगारापुढे किरकोळ, पण शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी नाही. टीका करताना एवढं तरी माहीत असावं.

मच्छरदाणीचं म्हणाल, तर औषध लावलेली मच्छरदाणी साधारण २० धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षं काम देते. एका जाळीखाली दोघं झोपतात. म्हणजे ८१६ जाळ्यांखाली सोळाशे माणसं, तीन वर्षं. रक्कम लहान आहे हे मान्य. काम लहान नाही.

डाव्या_हाताचा

काय मच्छरदाण्या मोजताय! हे सगळं टॅक्स वाचवायला चाललंय. अमेरिकेत दान दिलं की पैसे परत.

फॉर्म_९९०

परत येत नाहीत. हा गैरसमज दर वेळी निघतो.

दान उत्पन्नातून वजा होतं, करातून नाही. हार्डनच्याच १० लाखांवर मांडतो. २०१७ साली केंद्रीय कराचा सर्वोच्च दर ३९.६ टक्के होता आणि टेक्सासला राज्याचा आयकर नाही. म्हणजे १० लाख दिले की कर वाचला जेमतेम ४ लाख, आणि खिशातून गेले ६ लाखांच्या वर. श्रीमंत व्हायचा हा मार्ग नव्हे.

संशय घ्यायचा असेल तर योग्य जागी घ्या. खेळाडूने चालत्या संस्थेला थेट पैसे दिले, तर ते त्याच वर्षी कामाला लागतात. स्वतःचं खासगी फाउंडेशन काढलं, तर करसवलत लगेच मिळते, पण कायद्याने वर्षाला मालमत्तेच्या साधारण ५ टक्केच बाहेर द्यावे लागतात. बाकी रक्कम गुंतवणुकीत बसून राहते. आणि सगळ्यात वाईट प्रकार गोल्फ स्पर्धा आणि मेजवान्यांचा. समजा ५ लाख जमले. हॉटेल, विमान, पाहुण्यांच्या भेटवस्तू, आयोजकाची फी यात ४ लाख गेले. पाटीवर ५ लिहितात, मुलांपर्यंत १ पोचतो. ईएसपीएनने २०१३ मध्ये नावाजलेल्या खेळाडूंच्या ११५ संस्था तपासल्या, त्यातल्या ७४ टक्के कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडल्या. बहुतेकदा कारण चोरी नसतं. भाऊ, मामा, शाळेतला मित्र यांना पदावर बसवलेलं असतं, आणि हिशेब कुणालाच येत नाही.

या संस्थांची विवरणपत्रं सार्वजनिक असतात. तीन आकडे काढा: वर्षभरात बाहेर दिलेली मदत, पगार, कार्यक्रमांचा खर्च. पहिला आकडा बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तर शंका घ्या. प्लेऑफची सरासरी बघून यातलं काही कळणार नाही.

बॉक्सस्कोअरवाला

हे पटलं. पण मग लेब्रॉनच्या शाळेचं काय? ओहायोतल्या अक्रन शहरातली आय प्रॉमिस शाळा, २०१८ पासून एवढा गाजावाजा. २०२३ मध्ये बातमी आली की आठवीत जाणाऱ्या तुकडीतलं एकही मूल तिसरीनंतर राज्याच्या गणिताच्या परीक्षेत पास झालेलं नाही. एकही नाही! त्याच्या ४१ पॉइंटच्या मॅच लोकांना तोंडपाठ, आणि हे कुणाला आठवत नाही.

फळा_आणि_खडू

आठवतं. पूर्ण आठवतं, म्हणून लिहितेय.

या शाळेत मुलं कशी येतात? शहरातल्या ज्या मुलांचं वाचन तळाच्या २५ टक्क्यांत असतं, त्यांच्यातून सोडत काढतात. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाची सुरुवातच मागून होते. अशा शाळेची तुलना सरसकट पास-नापासवर करणं म्हणजे तापाच्या वॉर्डात जाऊन सगळ्यांना ताप का, असं विचारण्यासारखं आहे.

पहिल्या वर्षाचे मॅप या प्रगती मोजणाऱ्या परीक्षेचे आकडे बघा. पर्सेंटाइल म्हणजे काय हे सीईटी दिलेल्यांना सांगायला नको. तिसरीची मुलं वाचनात पहिल्या पर्सेंटाइलवर होती, ती नवव्यावर आली. गणितात पहिल्यावरून अठराव्यावर. चौथीची वाचनात पहिल्यावरून सोळाव्यावर, गणितात दुसऱ्यावरून तिसाव्यावर. ९० टक्के मुलांनी वाढीचं उद्दिष्ट गाठलं. तरी तिसावा पर्सेंटाइल म्हणजे राज्याच्या परीक्षेत बहुधा नापासच. वाढ आणि पात्रता ही दोन वेगळी मापं आहेत, आणि बातम्यांनी २०१९ मध्ये एक आणि २०२३ मध्ये दुसरं वापरलं.

बॉक्सस्कोअरवाला

पहिल्या वर्षी वाढ, मग पाच वर्षांनी शून्य पास? वाढ टिकली असती तर निम्मे तरी पास झाले असते. तुम्ही मुलांची बाजू घेताय की लेब्रॉनची?

फळा_आणि_खडू

मुलांची. हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

वाढ टिकली नाही, हे मी नाकारत नाही. मधे कोविड आला, २०२० मध्ये ओहायोत राज्याची परीक्षाच झाली नाही. मागे असलेल्या मुलाचं गणित शाळा बंद पडल्यावर सगळ्यात आधी कोसळतं, कारण ते पायरीवर पायरी असतं. तिसरीत गुणाकार पक्का नसेल तर पाचवीत अपूर्णांक येत नाहीत, सातवीत गुणोत्तर कळत नाही, आणि आठवीत समीकरण समोर आलं की मूल वही मिटतं. वाचन घरी थोडंफार चालू राहतं, गणित राहत नाही. पण याने सगळं माफ होत नाही. पाच वर्षं गणिताचे जादा तास कुणी घेतले, किती मुलांच्या गटात घेतले, हे विचारायलाच हवं.

डाव्या_हाताचा

म्हणजे लेब्रॉन नापास. संपला विषय.

फॉर्म_९९०

विषय इथे सुरू होतो. ही शाळा लेब्रॉनची खासगी नाही, अक्रनच्या सरकारी शाळांपैकी एक आहे. शिक्षकांचे मूळ पगार, बस, अभ्यासक्रम हे सगळं शहराच्या शाळा-खात्याकडे. सुरुवातीच्या अंदाजात पूर्ण क्षमतेला खात्याचा खर्च वर्षाला ८० लाख डॉलरच्या आसपास आणि फाउंडेशनचे साधारण २० लाख. फाउंडेशनचा पैसा जादा मनुष्यबळ, जास्त वेळाची शाळा, पालकांसाठी केंद्र, घरी न्यायचं धान्य यावर. म्हणून श्रेय लेब्रॉनला पूर्ण देणारे चूक, आणि गणिताचं खापर एकट्या त्याच्या डोक्यावर फोडणारेही चूक. करदाता यात चौपट भागीदार आहे.

बॉक्सस्कोअरवाला

मग दारावर नाव त्याचं का?

फळा_आणि_खडू

शाळेचं नाव 'आय प्रॉमिस' आहे. पण तुमचा मुद्दा कळला. हो, शाळा म्हटलं की पहिलं नाव त्याचंच घेतात, आणि ते घेणारं मूल तिथे भूक न लागता बसतं. घरात धान्य नाही, ते मूल दुसऱ्या तासाला टेबलावर डोकं ठेवतं. धान्याचं कपाट हे गणिताच्या आधीचं गणित आहे. पाच वर्षांत ते कपाट रिकामं राहिलं अशी बातमी आलेली नाही.

पहाटे_सहा

धागा प्लेऑफचा होता. शाळेसाठी वेगळा काढा, तिथेही येईन.

सातवा_सामना

परत वळवतो. मूळ दाव्यात क्रमच उलटा आहे. लेब्रॉनचं फाउंडेशन २००४ चं, त्याची पहिली प्लेऑफ मॅच २००६ ची. जे अपयश अजून आलंच नव्हतं, ते झाकायला कुणी संस्था काढत नाही. शाळा २०१८ ची, म्हणजे १-३ वरून फिरवलेल्या २०१६ च्या विजेतेपदानंतरची.

आणि 'प्लेऑफमध्ये ढेपाळला' हे ठरवता कसं? ज्रू हॉलिडे घ्या. २०२० मध्ये बबलमध्ये, म्हणजे कोविडमुळे एकाच बंदिस्त जागी, खेळताना त्याने उरलेल्या हंगामाचा पगार, ५३ लाख डॉलरपर्यंत, सामाजिक न्यायाच्या निधीला दिला. पुढच्या वर्षी मिलवॉकीकडून फिनिक्सविरुद्ध फायनल. चौथ्या मॅचमध्ये २० पैकी ४ बास्केट. बॉक्सस्कोअर बघून झोपणाऱ्याने त्याला तिथेच निकालात काढलं असतं. पण त्याच मॅचमध्ये त्याने फिनिक्सच्या ख्रिस पॉलला पूर्ण कोर्टभर, बॉल हातात आल्यापासून, छातीला छाती लावून धरलं. पॉलचे १० पॉइंट, ५ वेळा बॉल गमावला. मिलवॉकी जिंकली. पाचव्या मॅचमध्ये शेवटची १६ सेकंद, एका पॉइंटची आघाडी. फिनिक्सचा बुकर आत घुसून वळला, आणि वळताना बॉल पोटाजवळ आला. हॉलिडेने दोन्ही हात घालून बॉल ओढून काढला, धावत सुटला, आणि रिंगजवळ फेकला. सहकारी यानिसने हवेत पकडून डंक केला. स्वतःचे २७ पॉइंट, १३ असिस्ट. हे सगळं २० पैकी ४ च्या लगेच पुढच्या मॅचला.

हार्डनचं २०१८ चंही सांगतो. वॉरियर्सविरुद्ध सातवी मॅच, ह्यूस्टन हाफ टाइमला ११ ने पुढे, मग सलग २७ थ्री हुकले, एकूण ४४ पैकी ७. हार्डन स्वतः १३ पैकी २. पण पाचव्या मॅचमध्ये ख्रिस पॉलची, तो तेव्हा ह्यूस्टनकडे होता, मांडी दुखावली होती. बॉल हाताळणारा दुसरा माणूस गेला की प्रत्येक वेळी हार्डननेच वरून सुरुवात करायची, समोरचे प्रत्येक स्क्रीनवर (सहकाऱ्याने वाट अडवली की) अदलाबदल करून ताजा बचावपटू पुढे करणार. थकलेल्या पायांचा शॉट आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. ते २७ शॉट परत बघा, किती पुढच्या कडेला लागले ते मोजा.

बॉक्सस्कोअरवाला

हॉलिडे यादीतून काढतो. मुतोंबो आधीच काढला. २००४ ची तारीख माझ्या लक्षात नव्हती, तेही मान्य.

हार्डन राहील. २०१७ च्या त्या सहाव्या मॅचमध्ये पाय थकलेले नव्हते, त्याने शॉटच घेतले नाहीत. ११ शॉट, तेही हंगामभर सगळा हल्ला ज्याच्या हातातून चालला त्याने. त्याचे १० लाख वादळासाठी होते हे खरं आहे आणि ते चांगलं काम आहे. पण ती मॅच तशीच राहते.

सातवा_सामना

ती मॅच तशीच राहते. त्यावर माझा वाद कधीच नव्हता.

फळा_आणि_खडू

शाळेचा धागा वेगळा काढलाय. २०१८ साली तिसरीत बसलेली मुलं २०२८ मध्ये बारावी होतील. आठवीनंतर ती शहरातल्या इतर हायस्कुलांत जातात, म्हणून एका शाळेच्या निकालात ती सापडणार नाहीत. त्यातली किती बारावीपर्यंत टिकली आणि किती अक्रन विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीला पात्र ठरली, हे दोन आकडे मी तिथे लिहीत जाणार आहे. बॉक्सस्कोअरवाला, तुम्हीही या. आकडे वाईट आले तरी लिहीन.