जुनी ऑक्टेव्हिया आरएस: घ्यावी की दुरूनच पाहावी?

घाटरस्ता (धागाकर्ता):

कार्यालयातील एका सहकाऱ्याने नुकतेच विचारले की, वीस लाखांच्या आसपास रक्कम हाताशी असेल तर चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगनची कोरी व्हर्टस जीटी घ्यावी, की 2017-18 मधली वापरलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, शोधावी. माझ्याकडे अशीच एक आरएस आहे आणि मी तिचा दुसरा मालक आहे. त्याला दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांनाही बोलता येईल. ज्याला गाडी चालवण्यातच रस आहे त्याने आरएस घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र खरेदीची किंमत उतरली म्हणून देखभालीचा खर्चही उतरेल, अशी अपेक्षा त्याने ठेवू नये.

2017 साली ही गाडी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 24.62 लाख रुपये होती. तिची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात होत असे आणि म्हणूनच ती त्या किमतीत मिळू शकली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) असलेली, पाच माणसांची सेडान त्या काळी त्या पैशांत दुसरी नव्हती. पुढे 2020 मध्ये आलेली 245 पीएसची आवृत्ती पूर्ण बांधलेल्या अवस्थेत आयात झाली. दोनशेच गाड्या आल्या आणि किंमत 35.99 लाखांवर गेली. 2023 मध्ये साधी ऑक्टेव्हियाही बाजारातून गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये आरएस परतली ती 265 पीएस घेऊन, शंभर गाड्यांपुरती आणि 49.99 लाखांना. नोकरदार माणसाला नवी आरएस आता परवडण्याजोगी राहिलेली नाही, त्यामुळे खरा प्रश्न वापरलेल्या गाडीचाच उरतो.

अनुभवाबद्दल सांगायचे तर लोक शून्य ते शंभरचे आकडे विचारतात आणि मला त्यांचे फारसे महत्त्व वाटत नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला साधारण 1,500 फेऱ्यांपासून मिळतो आणि बराच वर जाईपर्यंत टिकतो, ही गोष्ट रोजच्या वापरात अधिक मोलाची आहे. कुंभार्ली घाटात जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असताना समोरचा रस्ता स्वच्छ दिसला, की ही गाडी समोरचे वाहन ओलांडण्यात इतका कमी वेळ घालवते की, आधीच्या 1.2 लिटरच्या गाडीत असताना मी तेथे पुढे जाण्याचा विचारही केला नसता. शिवाय मागचा दरवाजा काचेसकट उघडतो आणि डिकीत 590 लिटर सामान मावते. गणपतीला कोकणात जाताना घरातून एकही तक्रार येत नाही; ही बाब शौकिनांच्या चर्चेत उगाच दुर्लक्षिली जाते.

हिशेबनीस:

लेख आवडला, निष्कर्ष मात्र अजिबात पटला नाही. आपण किंमत 'उतरली' असे म्हणता, पण ती उतरलेली कोठे आहे? गाड्या थोड्या आणि चाहते फार, त्यामुळे सात-आठ वर्षे जुन्या आरएससाठी विक्रेते जे मागतात ते ऐकल्यावर आपण वस्तू विकत घेत आहोत की लिलावात बोली लावत आहोत, हे कळेनासे होते. त्या पैशांत व्हर्टस किंवा स्कोडाची स्लाविया ही 1.5 लिटर टर्बोची, 150 पीएसची गाडी कोरी मिळते, हमीसकट मिळते, आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत दोघींनाही पाच तारे आहेत.

आता कर्जाचे पाहा. वापरलेल्या गाडीवरील कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सहसा जास्तच असतो आणि मुदत कमी असते, म्हणजे हप्ता दोन्ही बाजूंनी वाढतो. विम्यात आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) आपल्याला मिळत नाही, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यावर अठरा इंची चाकांचे चार चांगले टायर, ब्रेकच्या चकत्या आणि पॅड, गिअरबॉक्सचे तेल हे सगळे हमी संपल्यानंतर आपल्याच खिशातून जाते. ज्याला 24 लाखांची गाडी नवी असताना झेपत नव्हती, त्याला ती जुनी झाल्यावर कशी झेपेल, याचे उत्तर आपल्या लेखात मला सापडले नाही.

घाटरस्ता:

उत्तर लेखात अर्धवट होते हे मान्य, म्हणून ते पूर्ण करतो. खरेदीसाठी ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी गाडी घेण्यापूर्वीच बाजूला काढावा आणि तो गाडीच्याच नावाने ठेवावा. एवढे शक्य नसेल तर आरएस घेऊ नये, हे मी सहकाऱ्यालाही स्पष्टपणे सांगितले. परंतु नवी गाडी दालनाबाहेर पडताच किमतीची जी घसरण सोसते, ती आपल्या हिशेबात कोठेच दिसत नाही. आरएसची ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली आहे, आणि गाड्या थोड्या असल्याने पुढील घसरण मंद आहे. आपण ज्याला लिलाव म्हणता, त्याच लिलावात उद्या मी विक्रेता असेन.

झेब्रा क्रॉसिंग:

हिशेब बाजूला ठेवून मूळ प्रश्न विचारते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात 60 ची आहे आणि आता तेथे कॅमेरेही आहेत. समृद्धी महामार्गावर सपाट भागात 120 ची मुभा आहे. मग ताशी 250 किलोमीटर धावू शकणारे वाहन सार्वजनिक रस्त्यासाठी घेण्याचे समर्थन कोणत्या आधारावर होते? महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरतात. धागाकर्ते जबाबदारीने चालवत असतील, त्याबद्दल शंका नाही, पण आपला युक्तिवाद वाचून जो पंचविशीतला मुलगा ही गाडी घेईल, तो कुंभार्लीत स्वच्छ रस्ता दिसण्याची वाट पाहीलच असे नाही. हाताशी ताकद आहे म्हणून वळणाआधी ओव्हरटेक करण्याचा मोह वाढतो, हे आपण का नाकारता?

घाटरस्ता:

मोह वाढतो, हे नाकारत नाही. मात्र 250 चा आकडा कागदावरचा आहे. आजच्या कितीतरी साध्या गाड्याही 180 च्या पुढे जातात आणि तोही वेग आपल्या कोणत्याच रस्त्यावर कायदेशीर नाही, तेव्हा रेषा नेमकी कोठे ओढायची हा प्रश्न उरतो. माझ्या मते या गाडीचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन त्या ताकदीला साजेसे दिलेले आहेत, आणि 80 च्या वेगाने जाताना अचानक आडव्या आलेल्या म्हशीसमोर त्यांचाच उपयोग होतो. ज्याला वेगच अनुभवायचा आहे त्याने कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर शुल्क भरून तो अनुभवावा.

झेब्रा क्रॉसिंग:

कोइम्बतूरला जाणारे किती आणि रात्री अकरानंतर शहराबाहेरच्या बाह्यवळणावर जाणारे किती, हे आपणही जाणता. ब्रेकचा मुद्दा मान्य आहे, तरी माझा विरोध मागे घेत नाही.

पाना-पकड:

मी गॅरेजमध्ये काम करतो आणि या गाड्या खालून पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. येथे दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्यात गाडीची आजची अवस्था कोणीच विचारात घेतलेली नाही, आणि वापरलेल्या टर्बो गाडीत निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

पहिली गोष्ट गिअरबॉक्सची. डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) हे नाव ऐकताच गिऱ्हाईक घाबरते, कारण 1.8 लिटरच्या साध्या ऑक्टेव्हियातील सात गतींच्या गिअरबॉक्सबद्दल त्याने बरेच ऐकलेले असते. त्या गिअरबॉक्सचे क्लच कोरडे आहेत. 230 पीएसच्या आरएसमध्ये सहा गतींचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, आणि तो बराच अधिक टिकाऊ आहे. अट एकच की दर 60,000 किलोमीटरला त्याचे तेल आणि फिल्टर बदललेले असावेत. हे तेल महाग असते, म्हणून दुसरा-तिसरा मालक ते काम हमखास टाळतो. बदलल्याचे बिल नसेल तर ते बदललेलेच नाही असे समजून किंमत ठरवावी.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा आणि थर्मोस्टॅटचा एकत्रित भाग प्लॅस्टिकच्या आवरणात असतो आणि वयानुसार तेथून गळती होते, हे जगभर माहीत आहे. कूलंटची पातळी पाहावी, पंपाच्या खाली सुकलेला गुलाबी डाग आहे का ते पाहावे. डाग दिसला म्हणून गाडी सोडण्याचे कारण नाही, पण त्या कामाचा खर्च किमतीतून कमी करून घ्यावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप केला (त्यातला प्रोग्राम बदलला) की ताकद सहज तीनशेच्या घरात जाते, आणि शौकिनांच्या हातून गेलेल्या फार थोड्या गाड्यांना या मोहाने सोडलेले असते. विकताना मालक मूळ प्रोग्राम परत टाकतो आणि 'गाडी संपूर्ण स्टॉक आहे', म्हणजे कारखान्यातून आली तशीच आहे, असे सांगतो. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद निदान यंत्रावर बहुधा सापडते. ती पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. रीमॅप म्हणजे गाडी खराब असे मी म्हणत नाही. त्या ताकदीवर कोणते तेल, किती अंतराने आणि कोणते पेट्रोल वापरले, हे कोणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, तेही लक्षात ठेवावे.

इंधनकाटा:

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाड्या ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) इंधन गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या आणि आज पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. ही एकच गोष्ट 2018 ची महागडी टर्बो गाडी न घेण्यास पुरेशी वाटत नाही का?

पाना-पकड:

मायलेजच्या घटीवर माझे दुमत नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. पण इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असतो आणि टर्बो इंजिनाला नॉकिंगपासून (इंधन अवेळी पेटण्यापासून) त्यामुळे संरक्षणच मिळते. चिंता आहे ती जुन्या रबरी नळ्या आणि सील यांची, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत शिरणाऱ्या पाण्याची. शौकाची गाडी उभीच जास्त राहते, म्हणून नियमित चालवली गेलेली, थोडे अधिक किलोमीटर झालेली आरएस मी कमी चाललेल्या आरएसपेक्षा पसंत करेन. बाजार नेमके उलटे करतो.

घाटरस्ता:

हे मला नवीन आहे आणि पटतेही. सहकाऱ्याने दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक बेंगळुरूची, फार कमी चाललेली. दुसरी नाशिकची, जवळपास दुप्पट चाललेली, पण प्रत्येक सर्व्हिसची बिले जपलेली. बेंगळुरूच्या गाडीसाठी तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागेल, महाराष्ट्रातील कर नव्याने भरावा लागेल आणि कर्नाटकातील कराचा परतावा मिळवण्यासाठी फेऱ्या माराव्या लागतील. मी त्याला नाशिकची गाडी आधी पाना-पकड यांच्यासारख्या कोणाला तरी खालून दाखवायला सांगणार आहे.

हिशेबनीस:

नाशिकच्या गाडीच्या बाजूने आपण सगळेच झुकलात, तेव्हा माझी एक शंका नोंदवून थांबतो. आपण सांगितलेला पाचवा हिस्सा सहकाऱ्याकडे खरोखर शिल्लक आहे, की वीस लाखांतच तो धरलेला आहे? पहिले असेल तर त्याने खुशाल नाशिकला जावे. दुसरे असेल, तर त्याचे खरे बजेट सोळा लाखांचे आहे, आणि त्या रकमेत चांगली आरएस मिळत नाही.